समावेशित शिक्षणाचा विस्तार प्रकल्प तपासायला निघालात? आधी टेप आणि वही घ्या

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाच्या टेबलावर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एक फाइल येऊन पडते. सोबत वरिष्ठांचं एकच वाक्य असतं: "आपल्या दिव्यांग मुलांच्या प्रकल्पाचं मूल्यमापन तेवढं करून टाका, नॅकला लागेल." नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, आणि हा विस्तार प्रकल्प म्हणजे महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांकरवी बाहेरच्या शाळांत केलेलं काम. फाइल उघडली की बॅनरसमोरचे फोटो, स्वयंसेवकांचा हजेरीपट, स्थानिक दैनिकातलं कात्रण आणि मुख्याध्यापकांचं आभारपत्र निघतं. हे सगळं जपून ठेवा, पण त्यावरून कळतं ते एवढंच की कार्यक्रम झाला. त्या शाळेतल्या मुलाच्या दिवसात काही बदललं का, हे कळायला शाळेतच जावं लागतं. हा लेख राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, बी.एड. महाविद्यालयांतले नवे शिक्षक, आजीवन अध्ययन व विस्तार विभागात काम करणारे आणि क्षेत्रप्रकल्पाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेले अशा सगळ्यांसाठी आहे.

पहिलं काम: प्रकल्पाने काय करायचं कबूल केलं होतं?

मूळ प्रस्ताव शोधा. बहुतेक प्रस्तावांत "समाजात जनजागृती करणे" असं एक उद्दिष्ट असतंच. त्यावर मूल्यमापन होऊ शकत नाही. कोणाची जागृती, आणि ती झाली तर त्या माणसाने सोमवारी सकाळी वेगळं काय करायचं, हे प्रकल्प चालवणाऱ्यांनाच विचारा आणि त्यांच्याकडून एका वाक्यात लिहून घ्या. उदाहरणार्थ, "पाच जिल्हा परिषद शाळांतल्या तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी अंशतः दृष्टी असलेल्या मुलांसाठी मोठ्या अक्षरातलं साहित्य आठवड्यातून निदान तीनदा वापरावं." वाक्य असं असलं की काय बघायचं ते आपोआप ठरतं. ते लिहून देताना प्रकल्पप्रमुखांची चिडचिड होईल. होऊ द्या.

मग प्रकल्प समावेशित शिक्षणाचा आहे का, हेही तपासा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत: दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतील, आणि शिकवण्याची-शिकण्याची पद्धत त्या मुलांच्या गरजेनुसार बदलली जाईल. बरेच प्रकल्प पहिल्या गोष्टीवर थांबतात. मूल वर्गात बसलंय, म्हणजे झालं. विशेष शाळेत जाऊन खाऊवाटप करणं, रक्षाबंधन साजरं करणं ही कदाचित चांगली कामं असतील, पण त्यांना समावेशनाच्या रकान्यात टाकू नका. अहवालात ती वेगळ्या मथळ्याखाली नोंदवा.

आधीची स्थिती नोंदवा

प्रकल्प सुरू व्हायच्या आधी हे करायचं असतं. पण तुमच्या हातात फाइल आली तेव्हा प्रकल्प संपत आलेला असण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर शाळेच्या नोंदींवरून मागची स्थिती जमेल तेवढी उभी करा, आणि ती मागाहून उभी केली आहे असं अहवालात स्पष्ट लिहा.

सुरुवात यू-डायस प्लसच्या, म्हणजे शाळांची माहिती भरून घेणाऱ्या सरकारी प्रणालीच्या, नोंदींपासून करा. शाळेच्या ११ अंकी क्रमांकावर रॅम्प आहे का, कठडा आहे का, दिव्यांग मुलांना वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, विशेष गरजा असलेली मुलं किती, हे सगळं भरलेलं असतं. मुख्याध्यापक ते दाखवतात. कागद हातात घेऊन मग शाळेभोवती एक फेरी मारा.

इथे टेप लागते. रॅम्पचा प्रचलित निकष १:१२ आहे, म्हणजे १ सेंटिमीटर उंची चढायला १२ सेंटिमीटर लांबी. जोतं तीन पायऱ्यांचं, साधारण ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दीड-दोन मीटरची सिमेंटची घसरगुंडी सापडते. तिच्यावरून चाकाची खुर्ची वर न्यायला दोन माणसं लागतात आणि उतरताना तीन. कागदावर मात्र "रॅम्प: होय". लांबी आणि उंची मोजा, वर पोहोचल्यावर दारात उंबरा आहे का बघा, रॅम्पच्या पायथ्याशी पावसात चिखल होतो का विचारा, आणि स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर ते उघडायला लावा. आत खराटे आणि जुने बाक रचून ठेवलेले असतील तर तसं लिहा. तुमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी श्रमदानातून बांधलेला रॅम्प असेल तर त्याला तर आधी टेप लावा.

परवानगी, संमती आणि नावं

गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती, या क्रमाने जा. पालकांना फॉर्म नुसता हातात देऊ नका, वाचून दाखवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. फॉर्मात फोटोसाठी वेगळा रकाना ठेवा. मुलाशी बोलायला हरकत नाही, पण फोटो नको, असं म्हणायची सोय पालकांना हवी. आणि शेवटी मुलालाही विचारा. त्याने मान हलवून नाही म्हटलं तर विषय संपला.

नाव गाळलं की ओळख लपते, हा मोठा गैरसमज आहे. चाळीस पटाच्या शाळेत "इयत्ता चौथी, कर्णबधिर, मुलगी" एवढं लिहिलं तरी अख्ख्या गावाला कोण ते कळतं. म्हणून अहवालात सगळ्या शाळांची माहिती एकत्र द्या, किंवा इयत्तेऐवजी "प्राथमिक" एवढंच लिहा. वर्गात उभं राहून "तुमच्यात दिव्यांग कोण कोण आहे, हात वर करा" हे तर कधीच करू नका. यादी शिक्षकांकडून किंवा गटसाधन केंद्रातून (तालुक्यातल्या शाळांना शैक्षणिक मदत करणारं सरकारी केंद्र) घ्या.

कोणाशी बोलायचं, आणि कसं

यादी मोठी आहे: मूल, त्याची आई किंवा आजी, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे एक-दोन सदस्य, वर्गमित्र, आपले स्वयंसेवक. एक माणूस मात्र हमखास राहून जातो. तो म्हणजे गटसाधन केंद्रातला समावेशित शिक्षणाचा विषयतज्ज्ञ किंवा शाळाशाळांत जाणारा फिरता विशेष शिक्षक. समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून त्या मुलांना आधीच काय मिळतंय, मदतनीस भत्ता कोणाला, प्रवास भत्ता कोणाला, साहित्य-साधनांचं शिबिर कधी झालं, हे त्याला पाठ असतं. त्याच्याशी न बोलता केलेल्या प्रकल्पात एकाच मुलाला दोन चाकाच्या खुर्च्या मिळतात आणि शेजारच्या वस्तीवरच्या मुलाला एकही मिळत नाही.

आता प्रश्नांकडे या. "कार्यक्रम कसा वाटला?" असं विचारलंत तर उत्तर "छान झाला सर" असंच येणार. गावात पाहुण्याच्या तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही, त्यातून तुम्ही मोठ्या कॉलेजातून आलेले. म्हणून मत विचारू नका, वस्तूबद्दल आणि कालच्या दिवसाबद्दल विचारा.

शिक्षकांना: "आमच्या मुलांनी दिलेल्या पेटीतलं काल-परवा काय वापरलंत? दाखवता का?" पेटी कुठे आहे ते लगेच कळतं. कपाटात असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. साहित्य शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेलं असतं, हरवलं किंवा फाटलं तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो, म्हणून ते कुलपात जातं. याला शिक्षकाचा आळस म्हणणं चुकीचं आहे, दोष साहित्य देण्याच्या पद्धतीत आहे. पुढच्या वर्षी तेच साहित्य उपभोग्य वस्तू म्हणून द्या, फाटलं तरी चालेल असं पत्र सोबत जोडा, आणि मग वापर वाढतो का ते बघा. पूर्ण मूल्यमापनातून एवढी एक शिफारस निघाली तरी मी ते यशस्वी मानेन.

आईला: "ताई, सकाळी याला शाळेत कोण सोडतं? तुम्ही मजुरीला गेलात तर? मधल्या सुट्टीत घरी यावं लागतं का?" दुपारी मुलाला लघवीला न्यायला आईला रोज शाळेत यावं लागत असेल, तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. प्रकल्पानंतर तिच्या फेऱ्या कमी झाल्या का? मला हा निर्देशक कुठल्याही पाच बिंदूंच्या मापनश्रेणीपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची कार्डं देऊ नका. ती सगळ्यात मोठं हसू उचलतात. त्याऐवजी शाळेचा साधा नकाशा सतरंजीवर पसरा आणि हिरव्या-लाल टिकल्या द्या: जिथे बसायला आवडतं तिथे हिरवी, जिथे जावंसं वाटत नाही तिथे लाल. न दिसणाऱ्या मुलाबरोबर शाळेतून चालत फिरा आणि त्याला बोलू द्या. कर्णबधिर मुलाशी बोलायला खुणांची भाषा येणारा माणूस लागतो, आणि त्याचं मानधन अंदाजपत्रकात आधीच धरायला हवं. वर्गातल्या मित्राला दुभाषी करून चालत नाही. पाहुण्यांसमोर मित्र स्वतःचंच उत्तर सांगून मोकळा होतो.

एका मुलाचा एक दिवस

सगळ्यात जास्त माहिती यातून मिळते, आणि नवे लोक नेमकं हेच टाळतात, कारण वर्गात मागे बसून दिवस काढायचा कंटाळा येतो. प्रत्येक शाळेत एक मूल निवडा, पालकांच्या संमतीने. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत दर दहा मिनिटांनी चार गोष्टी टिपा: मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे, काय करतंय, त्याच्याशी कोण बोलतंय. त्याच वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्याही याच नोंदी ठेवा. तुम्ही कोणाकडे बघताय हे वर्गाला कळता कामा नये, म्हणून मान सारखी एकीकडे वळवू नका आणि निवडलेल्या मुलाशी त्या दिवशी जास्तीचं बोलू नका.

वही भरली की चित्र उभं राहतं. गणिताच्या तासाला बाकीचे हातच्याची वजाबाकी करतायत आणि या मुलीच्या पाटीवर फुलाचं चित्र आहे. भाषेच्या तासालाही फुलाचंच चित्र. बाई प्रेमाने वागतात, मारत नाहीत, रागवत नाहीत, पण दिवसभरात तिला एकही प्रश्न विचारत नाहीत. खिचडी खाताना ती ओळीच्या टोकाला. खेळाच्या तासाला तिच्याकडे चपला सांभाळायचं काम. हजेरीपटावर तिची उपस्थिती उत्तम आहे. प्रकल्पाच्या अहवालात "शाळेत समावेशित झालेली मुले" या रकान्यात तिचा आकडा आहे.

दुसऱ्या शाळेत याच्या उलट दिसेल. साहित्य फारसं नाही, रॅम्प अर्धवट आहे, पण गुरुजी वाचनाच्या तासाला जोड्या लावतात आणि दर आठवड्याला जोडी बदलतात. लंगडीचा डाव असला की तो मुलगा गडी मोजतो आणि भांडण झालं तर निवाडा त्याचाच. इथे प्रकल्पाचं श्रेय किती आणि गुरुजींचं किती, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर प्रामाणिकपणे लिहा. शक्य असेल तर प्रकल्प न झालेली एक जवळची शाळाही पाहून घ्या, म्हणजे तालुक्यात एरवीच काय चालू आहे याचा अंदाज येतो.

निरीक्षणाच्या दिवशी जे मूल शाळेत नाही, त्याचाही माग घ्या. पटावर नाव आहे, पण तीव्र दिव्यांगत्वामुळे मूल घरीच आहे, असं बरेचदा असतं. त्याला गृहाधारित शिक्षण मिळतंय का, आपले स्वयंसेवक त्याच्या घरी एकदा तरी गेले का? शाळेपुरता आखलेला प्रकल्प सर्वांत जास्त गरज असलेल्या मुलाला नकळत वगळून बसतो.

तपासणी शिबिर असेल तर साखळी मोजा

डोळे-कान तपासणीचं शिबिर हा महाविद्यालयांचा आवडता कार्यक्रम. अहवालात "२०० मुलांची तपासणी" असं ठळक छापलं जातं. तुम्ही त्याच्या पुढचे टप्पे मोजा: शंका वाटली किती जणांबद्दल, पुढे पाठवले किती, दवाखान्यात खरोखर पोहोचले किती, चष्मा किंवा श्रवणयंत्र मिळालं किती जणांना, आणि सहा महिन्यांनी वर्गात ते वापरतंय कोण. प्रत्येक टप्प्यावर आकडा खाली येतो. कुठे सर्वांत जास्त घसरला, तिथे पुढच्या वर्षीचं काम आहे. बहुधा पाठवणं आणि पोहोचणं यांच्या मध्ये, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक खाडा.

शेवटच्या टप्प्यावर वस्तू हातात घेऊन बघा. श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असते. वाढत्या वयात कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शीळ घालायला लागतं आणि मूल ते दप्तरात ठेवून देतं. साचा बदलून कोण देणार, हे प्रकल्पात लिहिलं होतं का?

आणखी एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना बजावून सांगा. एनसीईआरटीची "प्रशस्त" ही पडताळा यादी वापरा किंवा दुसरी कुठलीही, ती फक्त शंका नोंदवण्यासाठी आहे. निदान डॉक्टर करतात, प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय यंत्रणा देते, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं राष्ट्रीय ओळखपत्र, त्यानंतर. स्वयंसेवकाने पालकांना "तुमचा मुलगा मतिमंद आहे" असं सांगून टाकल्याचं कळलं, तर ती प्रकल्पामुळे झालेली हानी आहे आणि ती अहवालात आली पाहिजे.

कधी जायचं

पहिली नोंद जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. जूनमध्ये पट स्थिर झालेला नसतो. दुसरी फेब्रुवारीत, परीक्षेची धांदल सुरू व्हायच्या आत. बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांत एक अडचण हमखास येते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फेब्रुवारीत मूल दिसलं नाही म्हणजे प्रकल्प फसला असं नाही, आणि त्याला गणतीतून गाळून निकाल चांगला दाखवणंही बरोबर नाही. "स्थलांतरित" असा वेगळा रकाना करा. मूल हंगामी वसतिगृहात आहे की फडावर, तेही विचारा.

तिसरी नोंद पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये. ही कोणी करत नाही, कारण तोवर आपली तुकडी पास होऊन गेलेली असते आणि निधी संपलेला असतो. पण जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या बहुतेक उन्हाळ्यात होतात. प्रशिक्षण घेतलेल्या बाई दुसऱ्या गावी गेल्यावर त्या शाळेत काय उरलं, हे जुलैमध्येच कळतं. या फेरीचा प्रवासखर्च पहिल्या वर्षीच वेगळा काढून ठेवा.

आकड्यांचा मोह

समजा, प्रकल्पात पाच शाळा आहेत, अकरा मुलं. यावर टक्केवारी काढू नका. दोनपैकी एका मुलात बदल दिसला की "५० टक्के यश" लिहिण्याची परंपरा आपल्याकडे आहे आणि सादरीकरणात तो गोल तक्ता फार सुंदरही दिसतो. "अकरापैकी चार" असं अक्षरी लिहा आणि उरलेल्या सातांचं काय झालं ते सांगा.

आपल्या घराकडेही बघा

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याचे वर्षाला १२० तास भरतात, दोन वर्षांत २४०. तास भरले हे हजेरीवरून दिसतं, शिकलं काय ते दिसत नाही. मनोगतं मागवलीत तर सगळ्यांची "मला खूप काही शिकायला मिळालं" इथून सुरू होतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक पाठ देऊन तो वर्गातल्या अंध मुलासाठी कसा बदलाल ते लिहून आणायला सांगा, प्रकल्पाआधी एकदा आणि नंतर एकदा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक दिसतो.

शिवाय आपल्याच महाविद्यालयातले दिव्यांग विद्यार्थी या प्रकल्पात कुठे आहेत? २०१६च्या कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. मूल्यमापनाच्या गटात त्यांच्यातला एक तरी विद्यार्थी मानधन देऊन घ्या. शाळेचं दार, फळ्यावरची चकाकी, माइकचा घुमणारा आवाज या गोष्टी त्याला पहिल्या पाच मिनिटांत जाणवतील, आपल्याला दिवसभरात जाणवणार नाहीत. आणि स्वयंसेवकांच्या समावेशन प्रशिक्षणाचं सभागृह लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असेल, तर तेही अहवालात येऊ द्या.

अहवाल कोणाला आधी

दोन अहवाल करा. मोठा विद्यापीठासाठी, त्यांच्या नमुन्यात. छोटा दोन पानांचा, साध्या मराठीत, शाळेसाठी. आणि छोटा आधी. मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालकांसमोर तो वाचून दाखवा, चुकलं असेल ते दुरुस्त करायची संधी द्या, मगच मोठा पाठवा. शिक्षकांचे दोष नावानिशी लिहू नका. उद्या तुमच्या अहवालावरून एखाद्याला कारणे दाखवा नोटीस निघाली तर त्या तालुक्यातली कुठलीच शाळा तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

शिफारशी चार-पाचच असाव्यात आणि प्रत्येकीपुढे कोण आणि कधीपर्यंत हे लिहिलेलं असावं. "शासनाने लक्ष द्यावे" हे शिफारशीत बसत नाही. "रॅम्पच्या पायथ्याला मुरूम टाकणे, ग्रामपंचायत, मे अखेर" हे बसतं. भरलेल्या वह्या आणि संमतीपत्रं कुलपात ठेवा, मुलांच्या नावांची यादी त्यांच्यापासून वेगळी ठेवा, आणि ती कोणत्या तारखेला नष्ट करायची ते फाइलच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा. ही फाइल पुढच्या वर्षी दुसऱ्याच कोणाच्या तरी टेबलावर असणार आहे.